भोर–वेल्हे परिसर : तापमानवाढ, वादळे व लोकव्यवहार

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेला भोर व वेल्हे या तालुक्यांचा डोंगराळ प्रदेश. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सु. १ लाख ८६ हजार, तर वेल्हे तालुक्याची सु. ५४ हजार ५०० होती. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. प्रस्तुत नोंदीत पूर्वकाळाचे विवेचन प्रामुख्याने असल्याने जुनेच नाव योजिले आहे. पृथ्वीच्या वाढत्या तापमानामुळे अरबी समुद्रातील वादळे व घाटमाथ्यावरील अतिवृष्टी यांचे स्वरूप पालटत आहे आणि त्याचा परिणाम या प्रदेशावर होऊ लागला आहे. तथापि वादळ समुद्रावरून व पाऊस आकाशातून येत असला, तरी त्यांपासून होणारी हानी डोंगरउतारावर काय शिल्लक आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. गेल्या साडेतीन शतकांचा येथील इतिहास हेच दर्शवितो.

भूरचना व पर्जन्य : या प्रदेशाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा कोकणात तुटून उतरतो व पूर्वेस त्याचे फाटे सखल होत पठारास मिळतात. फाट्यांच्या दरम्यानच्या खोऱ्यांना हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे, रोहिड खोरे अशी जुनी नावे आहेत. नीरा नदी भोर तालुक्यात शिरगावजवळ उगम पावते. वेळवंडी व गुंजवणी या तिच्या उपनद्या होत. वेल्हे तालुक्यातील आंबी व मोसे या नद्यांचे पाणी मुठेस मिळते. नैर्ऋत्य मोसमी वारे कड्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि आपले बाष्प प्रामुख्याने माथ्यावर टाकतात. त्यामुळे माथ्यालगतच्या गावांत पावसाची झोड उठत असता अवघ्या काही किलोमीटरांवर पूर्वेकडील गावांत त्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. माथ्यावरील पावसाचे पाणी तीव्र उतार व पातळ मृदा यांमुळे लवकर वाहून जाते. म्हणून एकाच वर्षात अतिवृष्टी व उन्हाळ्यातील पाणीटंचाई या दोन्ही आपत्ती येथे अनुभवास येतात.

पूर्वकालीन व्यवस्था : या प्रदेशातील तोरणा, राजगड व रोहिडा या किल्ल्यांवर पाण्याची जी तरतूद आढळते, तीवरून तत्कालीन लोकांना हवामानाच्या लहरीपणाची पुरेशी जाणीव होती, असे दिसते. राजगड ही सु. पाव शतक छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी होती. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी साठविणे, हे गडावरील वस्तीचे मूळ सूत्र होते. खडकात खोदलेली टाकी व पद्मावती माचीवरील तलाव ही त्याची साधने होत. रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात (१७१६) गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करावी, पाणी नसल्यास खडक फोडून टाकी-तळी बांधावीत आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असे सांगितले आहे. आरमाराकरिता लाकूड मिळवितानाही आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नसतात, असा इशारा त्यात आहे. रामचंद्रपंतांचे समकालीन सचिव शंकराजी नारायण यांच्याकडे मावळप्रांताचा कारभार होता. त्यांच्या वंशजांचे भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

सामान्य जनतेच्या व्यवहारात जंगलाचे रक्षण करणारी संस्था म्हणजे देवराई होय. ग्रामदेवतेच्या नावे राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवीत नसत. काही ठिकाणी पडलेली काटकीही घरी नेत नसत. अनेक देवराया झऱ्यांच्या उगमाशी असल्याने त्यांच्या सावलीत पाणी टिकून राही. याउलट राबाची पद्धत रानावर भार टाकणारी होती. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी पालापाचोळा, फांद्या व शेण यांचे थर पसरून ते पेटवीत. डोंगरउतारावर नाचणी व वरी यांसाठी जंगल तोडून काही वर्षे पिके घेण्याची व नंतर ती जमीन पडीक ठेवण्याची रीतही होती. लोकसंख्या विरळ होती व जमिनीस दीर्घ विश्रांती मिळत होती, तोपर्यंत रान पुन्हा वाढत असे. विश्रांतीचा काळ घटत गेला तसतशी उतारावरील माती उघडी पडू लागली.

धरणे व वनऱ्हास : १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागास पाणी पुरविण्याची निकड ब्रिटिश सरकारला भासली. नीरा डावा कालवा व त्यास पाणी पुरविणारे भाटघर येथील पहिले धरण ही त्याची फलिते होत. वेळवंडी नदीवरील या जुन्या धरणाच्या जागी पुढे मोठे धरण बांधण्यात आले. लॉइड धरण या नावाने ओळखले गेलेले हे काम १९२८ च्या सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी पूर्वेकडील बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांत गेले आणि तेथे उसाची शेती बहरली. स्वातंत्र्योत्तर काळात वेल्हे परिसरात पानशेत व वरसगाव, तर पुढे नीरा-देवघर व गुंजवणी ही धरणे झाली. पुणे शहराची तहान बऱ्याच अंशी याच डोंगरांतील पाण्यावर भागते. मात्र धरणांच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तेथे शब्दशः खरी ठरते.

आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. धरणाचे काम अपुरे असतानाच पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले व पुणे शहराचा नदीकाठचा मोठा भाग उद्‌ध्वस्त झाला. या दुर्घटनेचा संबंध तापमानवाढीशी जोडता येत नाही. परंतु माथ्यावरील पाऊस आणि मनुष्याची अपुरी तयारी यांची गाठ पडल्यास काय घडते, याचे ते स्मरणीय उदाहरण होय.

धरणाचा दुसरा परिणाम सावकाश घडला व म्हणून तो फारसा लक्षात आला नाही. पानशेत खोऱ्यातील सुपीक तळजमीन पाण्याखाली गेल्यावर विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे वरच्या उतारावर सरकली. धरणासाठी झालेल्या रस्त्याने कोळशाचे व्यापारी आत आले व हाती पैसा नसलेल्या शेतकऱ्यांनी आपली झाडे त्यांना अल्प मोलाने विकली. उघड्या उतारावर शेती सुरू झाल्याने मातीची धूप वाढली. परिस्थितिविज्ञ माधव गाडगीळ व वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. पानशेत खोऱ्यातील या स्थित्यंतराची गाडगीळ यांनी नोंद केली असून, भोवतालचे डोंगर बोडके झाले असता देवराया तेवढ्या हिरव्या राहिल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. येथील जंगल केवळ स्थानिकांच्या अज्ञानाने नष्ट झाले, हा समज त्यामुळे टिकत नाही. दूरच्या शहराची व शेतीची गरज, रस्ता, बाजार आणि विस्थापन यांचा तो एकत्रित परिणाम होता.

हवामानाचा अभ्यास : १८६४ मधील कलकत्त्याचे चक्री वादळ आणि त्यानंतरच्या दुष्काळांमुळे भारतात संघटित वेधशाळांची गरज पटली व १८७५ मध्ये भारतीय वातावरणविज्ञान विभागाची स्थापना झाली. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील त्याची वास्तू ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेली व पुढे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था या नावाने स्वायत्त झालेली संस्था मोसमी पावसाच्या संशोधनाचे प्रमुख केंद्र आहे. भोर गावापासून हे केंद्र सु. ५० किमी. अंतरावर आहे.

कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या वाढीमुळे पृथ्वीचे तापमान वाढेल, हे स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्येच गणिताने दाखविले होते. सूर्याची उष्णता भूपृष्ठावर येते व अवरक्त प्रारणाच्या रूपाने परत जाऊ लागते. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन इ. वायू या प्रारणाचा काही भाग अडवितात. यासच हरितगृह परिणाम म्हणतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण सु. २८० भाग होते. ते आता ४२० च्या वर गेले आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार २०११–२० या दशकातील पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० या काळाच्या तुलनेने सु. १.१° से. अधिक होते. तापमान एक अंश सेल्सियसने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडण्याची शक्यता निर्माण होते, मग वर्षाची एकूण बेरीज फारशी बदललेली नसली तरीही.

अरबी समुद्रातील वादळे : उत्तर हिंदी महासागरातील चक्री वादळांपैकी बहुसंख्य वादळे बंगालच्या उपसागरात निर्माण होत आली आहेत. अरबी समुद्र तुलनेने थंड असल्याने व तेथील वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगांत मोठा फरक पडत असल्याने तेथे वादळे कमी होत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यास नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईनजीक व ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ या वादळाने तडाखा दिला. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेकडील लोकांच्या स्मरणात चक्री वादळ ही कोकणची आपत्ती होती.

‘निसर्ग’ या वादळाने हा समज बदलला. ३ जून २०२० रोजी दुपारी ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन परिसरात आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किमी. होता व मधूनमधून तो १२० किमी. पर्यंत जात होता. १८९१ पासूनच्या नोंदींत जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेले ते सर्वांत तीव्र वादळ होय. किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. वादळ तेथेच विरले नाही. घाट ओलांडून ते पुणे जिल्ह्यातून ईशान्येकडे गेले. जिल्ह्याच्या पश्चिम भागात झाडे व विजेचे खांब पडले आणि घरांवरील पत्रे उडाले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे आणखी प्रबळ वादळ कोकण किनाऱ्यास समांतर जाऊन गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२–२०१९ या काळातील वादळांचा अभ्यास करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातील चक्री वादळांची संख्या आधीच्या काळाच्या तुलनेने ५२ टक्क्यांनी, तर अतितीव्र वादळांची संख्या १५० टक्क्यांनी वाढली. समुद्राच्या पृष्ठाचे वाढलेले तापमान हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तथापि कोणतेही एक वादळ केवळ तापमानवाढीने झाले, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. वाढत्या तापमानाने वादळास पोषक परिस्थिती अधिक वेळा निर्माण होते, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

अतिवृष्टी व दरडी : वादळापेक्षाही या प्रदेशास अधिक भय अल्पकाळात पडणाऱ्या प्रचंड पावसाचे आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सु. तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले व सु. दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सु. ५९ सेंमी. पाऊस झाला. त्याच सुमारास रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली, तर भोर व महाड यांना जोडणाऱ्या वरंधा घाटात रस्ता ठिकठिकाणी खचून वाहतूक बंद पडली.

झाडांची मुळे मातीस धरून ठेवतात व पालापाचोळ्याचा थर पाणी जिरवितो. हे आच्छादन गेल्यास, तसेच शेतजमिनीसाठी, रस्त्यासाठी किंवा बंगल्यांसाठी उताराचा पायथा यंत्राने कापल्यास पाण्याने जड झालेला मातीचा थर खडकावरून घसरतो. अतिशय मोठ्या पावसात घनदाट रानातही दरडी कोसळतात; परंतु उघड्या व कापलेल्या उतारावर त्यांस कमी पाऊस पुरतो. शेतीवरही परिणाम होतो. रोपवाटिका वाहून गेल्यास भाताची लावणी लांबते आणि कापणी झालेले भात अवेळी पावसात भिजल्यास वर्षाचे धान्य हातचे जाते.

दैनंदिन उपाय : उपायांचे दोन प्रकार संभवतात. पहिल्याचा हेतू तापमानवाढ रोखणे हा, तर दुसऱ्याचा होणारी हानी कमी करणे हा असतो. भारतात दरडोई कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन वर्षास सु. २ टन, तर जगाची सरासरी सु. ४.७ टन आहे. मावळातील भातशेती करणाऱ्या कुटुंबाचा वाटा त्याहूनही अल्प असणार हे उघड आहे. म्हणून पहिल्या प्रकारचे मुख्य दायित्व औद्योगिक राष्ट्रांवर, कोळशावरील वीजनिर्मितीवर व शहरांवर पडते. भोर–वेल्ह्याचे पाणी वापरणारी शहरे त्यांतून सुटत नाहीत. साठ वॉटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश सु. नऊ वॉटच्या एल. ई. डी. दिव्याने मिळतो. पाणी उपसण्यास व शुद्ध करण्यास वीज लागत असल्याने पाण्याची बचत ही विजेचीही बचत ठरते. गडांवर जाणाऱ्या पर्यटकांनी स्वतंत्र मोटारीऐवजी एस. टी. ने प्रवास केल्यास इंधन वाचते व अरुंद घाटरस्त्यांवरील ताणही कमी होतो.

डोंगरातील गावांच्या बाबतीत दोन्ही हेतू एकाच कृतीने साधतात, हे लक्षणीय आहे. सर्पणाची गरज घटली की उतारावरील झाड वाचते. १९८० च्या दशकात शासनाने बायोगॅस संयंत्रे व सुधारित चुली यांच्या योजना राबविल्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने स्वयंपाकाचा गॅस अनेक घरांत पोहोचला. डाळी आधी भिजत घालणे, झाकण ठेवून वा प्रेशर कुकरमध्ये शिजविणे, पाणी तापविण्यास सौर तापक वापरणे यांनीही जळण वाचते व स्त्रियांचा धुराचा त्रास आणि मोळीसाठी होणारी पायपीट कमी होते. उन्हाळ्यातील वणवे बहुधा मनुष्याच्या हातून लागतात. चांगले गवत येईल या समजुतीने वा निष्काळजीपणे लावलेली आग रोपे व मृदेवरील आच्छादन नष्ट करते. म्हणून पावसाळ्यानंतर गवत कापून जाळरेषा काढणे व ग्रामसभेने वणवा न लावण्याचा ठराव करणे हितावह ठरते. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांनी गावाचे डोंगर पुन्हा हिरवे होऊ शकतात, हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी दाखविले आहे. तेथील उपाय अवर्षणप्रवण भागातील असल्याने अतिवृष्टीच्या प्रदेशात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तीव्र उतारावर चर खोदून पाणी जिरविल्यास दरडीचा धोका वाढण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन, कारवी यांसारख्या स्थानिक वनस्पतींना नैसर्गिक रीत्या वाढू देणे अधिक सुरक्षित होय.

वादळाच्या पूर्वतयारीत छपराचे पत्रे आकडेदार बोल्टांनी पक्के करणे, घरावर आलेल्या कमकुवत फांद्या वैशाखातच छाटणे आणि दिवे, कंदील, औषधे व पिण्याचे पाणी हाताशी ठेवणे यांचा समावेश होतो. डोंगरावर नव्याने पडलेल्या भेगा, एका दिशेस झुकलेली झाडे वा खांब, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, घराची दारे अडकू लागणे ही दरडीची पूर्वचिन्हे असू शकतात. अशा वेळी पाऊस थांबण्याची वाट न पाहता रात्रीपूर्वीच सुरक्षित जागी जाणे आवश्यक असते. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्याच संस्थेने ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन उपलब्ध केले आहे. मात्र वादळात वीज व दूरध्वनी बंद पडत असल्याने दवंडी, मंदिराची घंटा यांसारखी जुनी साधने मोडीत काढणे शहाणपणाचे नाही.

मूल्यमापन : गडावरील टाकी, देवराई, कालवा, धरण व कोळशाची भट्टी यांपैकी प्रत्येकाने या प्रदेशाच्या उतारांवर आपली खूण ठेवली आहे. पूर्वीच्या व्यवस्था आदर्श होत्या असे नाही. राबासाठी रान छाटले जात होते व दुष्काळही पडत होते. मात्र पाऊस कसाही पडो, पाणी व झाड राखून ठेवावे, हा दंडक त्यांत होता. तापमानवाढीच्या काळात या दंडकाचे महत्त्व वाढले आहे. परंतु त्याचा भार केवळ डोंगरातील गावांवर टाकणे न्याय्य नाही. माथ्यावरील रान टिकले, तर पुणे, बारामती व फलटण यांच्याही पाण्याची शाश्वती राहते आणि धरणांत साठणारा गाळ कमी होतो. त्यामुळे रान राखणाऱ्या वाड्यांना इंधन, पाणी व दरडीपासून सुरक्षित घरे पुरविण्याच्या खर्चात लाभक्षेत्राने वाटा उचलणे, हा या प्रश्नाचा अद्याप अपुरा राहिलेला भाग आहे. [→ देवराई, मोसमी वारे, हवामान].